हात लावू नये

मित्रांनो, मला जुनी म्हणा, गंजकी म्हणा, खुशाल म्हातारी म्हणा. पण शोभेची म्हटलेलं मी खपवून घेणार नाही. मी धक्क्यावरची, हाताने फिरवायची क्रेन आहे.

पर्यटक आज ज्याचे फोटो काढतात, ते सगळं मी जहाजांतून उतरवलं आहे: पोलाद कारखान्याची यंत्रं, दीपगृहाची भिंगं, चौकातल्या घड्याळाची घंटासुद्धा. चार माणसं माझा दांडा फिरवत. कामाला लागण्याआधी प्रत्येक जण माझ्या खांबावर तळहात टेकवी. तेवढ्या जागेवर कधी रंग टिकलाच नाही.

पुढे मोठ्या क्रेन आल्या. कारखाना बंद पडून त्याचं संग्रहालय झालं. मला विचारतो कोण! मग एकाएकी बंदराच्या साहेबांना माझा पुळका आला. त्यांनी मला पिवळाधमक रंग फासला, तळहातांची जागाही बुजवली आणि गळ्यात पाटी अडकवली: 'हात लावू नये.' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! माझा दांडा फिरवण्यात आयुष्य गेलेले बाबा मात्र पाटीला जुमानत नसत. फिरायला म्हणून येत आणि माझ्या दातेरी चाकांना तेल घालून जात.

बाबांची लेक पर्यटकांना होडीतून बंदर दाखवते. त्या होडीवरच तिचं घर चालतं. परवा होडी खडकाला घासली, बुडाला भोक पडलं आणि धक्क्याला लागेपर्यंत ती पाण्याने निम्मी भरली. साहेबांनी मोटारक्रेन मागवली खरी, पण धक्क्याच्या तोंडाशी त्यांनीच हौसेने बांधलेली स्वागतकमान होती. मोटारक्रेन कमानीबाहेरच अडकली.

"बाबा, बुडतेय हो ती!" लेक रडकुंडीला आली.

"रडतेस काय? पट्टे अडकव," म्हणत बाबांनी माझा आकडा खाली सोडला.

"अहो, ती शोभेची आहे!" साहेब ओरडले.

"शोभेला तुम्ही आहात की! धरा दांडा."

साहेबांनी खरंच दांडा धरला. पर्यटकही धावले. "हइशा! हइशा!" माझी चाकं करकरली, पाठ वाकली, पण मी होडी सोडली नाही. पाणी ओकत होडी वर आली.

बाबांनी सवयीने माझ्या खांबावर तळहात टेकवला. मग एकेकाने टेकवला, घामेजलेल्या साहेबांनीही.

आणि ती पाटी? बाबांनी ती काढली आणि होडीच्या भोकावर ठोकली. 'हात लावू नये' हे आता माशांनी वाचावं. मित्रांनो, तुम्ही मला हात लावा. येताना थोडं तेलही आणा.