सुतळीचं माप

चांगुणा गेली, त्याला दोन महिने झाले होते. लातूरहून आरतीचा, आमच्या लेकीचा, फोन आला.

"बाबा, इथल्या पाच किलोमीटरच्या धावण्याला तुमची दोघांची नावं दिली होती मी. आईनंच द्यायला लावली होती. आता दोन्ही काढून टाकू का?"

"माझं राहू दे."

"तुम्ही धावणार?"

"कामून? पाय मोडले का माझे?"

आरतीला सगळं माहीत होतं. चांगुणाला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अर्धापूरजवळ आमची केळीची बाग आहे. घरून निघून ती बागेच्या कडेनं कालव्यापर्यंत जायची. निघताना रोज दारातून विचारायची, "अहो, येता का?" मी म्हणायचो, "दिवसभर शेतात मी काय बसून राहतो?" पुढं पुढं ती थोडं पळायलाही लागली. साडीवर बूट घालून. मी हसायचो. दीड वर्षात एक दिवस तिच्यासोबत गेलो नाही. आणि शेवटी तिला शुगरनं नाही, हृदयानं नेलं.

म्हणून हे पाच किलोमीटर मला पुरे करायचे होते. मध्येच बसायचं नव्हतं. हातात पंचवीस दिवस होते.

बूट नव्हते. माझ्या पायात जे काही आलं ते तीस वर्षं चांगुणानंच आणलं. आमच्याकडं बऱ्याच घरांत असं चालतं. बाजाराला निघायच्या आधी ती मला बाजेवर बसवायची, टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत सुतळी धरायची, दोन्हीकडं गाठ मारायची आणि घेऊन जायची. आणलेलं पायताण कधी चावलं नाही. ती सुतळी तिच्या बांगड्यांच्या डब्यात सापडली. ती घेऊन मी नांदेडला गेलो.

दुकान मोठं होतं. एक भिंत नुसती बुटांनी भरलेली. बजरंग नावाचा मिशीवाला विक्रेता पुढं आला.

"काका, वॉकिंग का रनिंग?"

"रनिंग."

"रोडवर का ट्रेलवर?"

"अर्धापूरच्या रस्त्यावर. तूच ठरव ते काय हाय."

"कुशन जास्त पाहिजे का कमी? आणि पाय टेकताना कसा पडतो तुमचा, आत का बाहेर?"

"खाली पडतो, लेका."

बाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं तापलं. बूट घ्यायला आलो होतो, परीक्षा द्यायला नाही. मी खिशातून सुतळी काढली. बजरंग तिच्याकडं बघतच राहिला.

"काका, इथं उभं राहा ना. माप घेतो मी."

"माप हाय माझ्यापाशी. तीस वर्षांचं हाय."

मी एकेका बुटात सुतळी घालून बघितली. आठ नंबरात ती टाचेपासून टोकापर्यंत तंतोतंत बसली. बजरंग म्हणाला, "थोडे मोठे घ्या. पळायचंय तुम्हाला." मी ऐकलं नाही. बसल्या बसल्या पाय घालून बघितला आणि आठ नंबर घेऊन आलो.

पहिल्या दिवशी विजेच्या सहाव्या खांबापर्यंत पळालो. शेजारच्या शेतातून रामकिशन ओरडला, "साहेबराव, कोण मागं लागलंय?" चौथ्या दिवशी उजवा अंगठा ठणकायला लागला. आठव्या दिवशी नख काळंनिळं झालं. मोजे काढून बघितलं, पट्टी बांधून बघितली, नाडी सैल करून बघितली. नाडी सैल केली की पाय आणखीच पुढं जाऊन आदळायचा.

पुन्हा नांदेड. बजरंगनं बूट उलटे करून तळ बघितले. "वापरलेले परत होत नाहीत, काका. मी तेव्हाच म्हणालो होतो." बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला.

संध्याकाळी आरतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ते मापच चुकलं असेल, बाबा."

"तुझ्या आईचं माप चुकलं म्हणती?"

"तसं नाही म्हणत मी..."

मी फोन ठेवून दिला. बूट कोपऱ्यात फेकले. सुतळी मात्र परत डब्यात ठेवली.

तीन दिवस नुसतं चाललो, तेही चपलेवर. धावणं अकरा दिवसांवर आलं. आरतीनं निक्षून सांगितलं, "ती सुतळी घ्या आणि लातूरला या." गेलो. तिनं मला सिद्धराम नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडं नेलं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्याकडूनच बूट नेतात. त्यानं दुपार टळल्यावरच यायला सांगितलं होतं, कारण तोवर पाय थोडा फुगतो. मला मोजे घालून फळीवर दोन्ही पायांवर उभं केलं. मग माझ्या हातातली सुतळी मागून घेतली आणि पायाला लावून बघितली.

"माप खोटं न्हाई," तो म्हणाला. "उभं राहिल्यावर पाय जरासा पसरतो, तेवढाच फरक. पण हे पायाचं माप हाय, बुटाचं न्हाई. पुढं हाताच्या अंगठ्याएवढी जागा सोडावी लागती. पळताना पाय पुढं सरकतो."

"मग तीस वर्षं मला काही चावलं कामून न्हाई?"

"आणायचं कोण?"

मी काही बोलायच्या आत आरती बोलली. "आई. दुकानात ती सुतळी आत घालायची आणि तिच्या पुढं आपला अंगठा उभा धरायची. मी बघितलंय लहानपणी. मला वाटायचं, सुतळी सरकू नये म्हणून धरती."

सिद्धराम मान हलवत नऊ नंबर काढायला गेला.

"मग मला सांगायला काय झालं होतं तिला?" मी आरतीवरच ओरडलो.

"तुम्ही कधी विचारलं का, बाबा?"

नऊ नंबर घातला. सिद्धरामनं मला रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत पळवलं. अंगठा कशाला लागला नाही. परत आलो, एक बूट काढला, आत सुतळी घातली आणि पुढं माझा अंगठा धरला. तो काही मावेना. केळीचे घड उतरवून उतरवून जाड झालाय. चांगुणाचा बारीक होता.

धावण्याच्या दिवशी दोन किलोमीटर पळालो, मग चालत, पळत, परत चालत. शेवटच्या वळणावर माझ्या मागं कुणीच नव्हतं. बूट चावत नव्हता. चावला असता तर बसायला निमित्त तरी मिळालं असतं. पुढं धावणं संपतं तिथली कमान पोरं सोडायला लागली होती. मला बघून त्यातला एक थांबला आणि हात हलवत ओरडला, "काका, येता का?"

दम इतका लागला होता की शब्द फुटत नव्हता. तरी बोललो.

"येतो की. आलोच."