सीलबंद डबे

सूतगिरणीच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या काकूंना राग यायला फारसं काही लागत नसे. मीठ ओलं आलं तरी त्यांचं डोकं फिरे. पण तो राग डाळीला उकळी येईपर्यंतच टिकायचा. या वेळचा राग मात्र उतरायचं नाव घेईना.

गिरणीत नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या कामगारांचं रक्त तपासलं. निम्म्यांना साखर निघाली, उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना ब्लडप्रेशर. मॅनेजरनं सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं आणि तपासणीचा कागद नाचवत तो म्हणाला, "ही सगळी या स्वयंपाकघराची कृपा! उद्यापासून बाहेरून सीलबंद डबे येतील. सकस, मोजूनमापून. ज्यानं त्यानं आपल्या मशीनपाशीच खायचं. अर्धा तास वाचेल."

काकू तरातरा पुढे आल्या. "साहेब, तेल कोण आणतं? तेच तेल तीनतीनदा तापवायला कोण सांगतं? पालेभाजी द्या, कडधान्यं द्या म्हणून तुमच्या खरेदीवाल्याच्या किती विनवण्या केल्या मी, विचारा त्याला!"

खरेदीवाला खिडकीबाहेर बघू लागला.

"बाई, तुम्ही बसा," मॅनेजर म्हणाला.

काकूंनी वळून पाहिलं. साठ माणसं बसली होती. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं भावाशी फाटलं, सगळं काकूंना ठाऊक. त्या साठांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. फोरमन तर स्वतःच्या बुटांकडे टक लावून बसला होता.

"वाढून घेताना बऱ्या चुरुचुरु चालायच्या तुमच्या जिभा!" एवढं बोलून काकू ताडताड आत गेल्या.

शेगड्या बंद झाल्या. सगळे जिथे एकत्र जेवायचे ते लांबलचक टेबल गोदामात जाऊन पडलं. काकूंना काम मिळालं डबे वाटायचं. आत थंडगार कडक पाव, कच्च्या गाजराचे तुकडे, उकडलेलं काहीतरी फिकट. झाकणावर मात्र आकडेच आकडे. "घ्या, आकडे खा!" म्हणत त्या प्रत्येकाच्या पुढ्यात डबा आदळायच्या आणि मान वर न करता गाडी पुढे ढकलायच्या. कुणी हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी काकू डब्यांची गाडी आत आणत होत्या, तेवढ्यात मौनीबाबा पडला.

तिसऱ्या मशीनवरचा हा म्हातारा कामगार दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप, म्हणून त्याला ते नाव पडलेलं. उभ्या उभ्या त्याचे डोळे फिरले, तो लोखंडी कठड्यावर कोसळला आणि मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्याच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं. जरा शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "शुगरची गोळी घेतलीत?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आणि जेवलात काय?"

त्याची नजर मशीनखालच्या पेटीकडे गेली. शेजारच्या मशीनवाल्यानं त्याच्या पेटीचं झाकण उघडलं. आत चार सीलबंद डबे, एकाचंही झाकण उचकटलेलं नव्हतं.

"दात नाहीत," मौनीबाबा पुटपुटला. "चावत नाही."

"चार दिवस माणूस दुपारचा उपाशी राहून गोळ्या घेतोय, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"माझी पाठ असते त्याच्याकडे," शेजारी हळूच म्हणाला.

काकूंच्या अंगाची लाही लाही झाली. एकोणीस वर्षं त्याची भाजी त्या वेगळी, मऊ शिजवत आल्या होत्या. टेबलावर त्यानं एक घास कमी खाल्ला असता तरी दहा जणांनी "काय रे, बरं नाही का?" म्हणून विचारलं असतं. आणि आपण? आपणही रागाच्या भरात डबा आदळून पुढे गेलो. त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. हे आठवलं तशा त्या अधिकच भडकल्या.

"गोदामाची किल्ली आण," त्या फोरमनला म्हणाल्या.

"साहेबांना विचारून..."

"किल्ली!"

फोरमननं किल्ली आणली. आठ जणांनी टेबल उचलून कँटीनमध्ये आणलं. मशीनं थांबली. त्या दिवसाचे साठच्या साठ डबे, सीलबंद, टेबलावर मांडले गेले. मॅनेजर लालबुंद होऊन आला. "हा काय तमाशा आहे? पगार कापीन एकेकाचा!"

"कापा," फोरमन म्हणाला.

डॉक्टरीणबाई मध्ये आल्या. "मी तुम्हाला तेल बदला, मीठ कमी करा, असं लिहून दिलं होतं. स्वयंपाकघर बंद करा असं कुठे लिहिलं होतं? आज माणूस थोडक्यात वाचलाय. वर कळवायचं तर मी कळवीन." खरेदीवाला मागच्या मागे सटकला. मॅनेजरनं साठ चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "महिनाभर बघू."

शेगड्या पेटल्या. पालेभाजी येऊ लागली, तेल डॉक्टरीणबाई स्वतः तपासून घेऊ लागल्या. रोज दुपारी त्याही सगळ्यांबरोबर टेबलावरच जेवायला बसत. अळणी लागतं म्हणून पहिले काही दिवस सगळ्यांनी नाकं मुरडली, आणि काकूंनी त्यांची यथेच्छ हजेरी घेतली. मौनीबाबा प्लॅस्टर घालून परतला, तेव्हा शेजाऱ्यानं न सांगता त्याचा भात कालवून दिला.

काकू मात्र मॅनेजरपाशी आणि फोरमनपाशी पुढे कितीतरी महिने एक शब्द बोलल्या नाहीत. फोरमनला वाढायच्या पोटभर, अगदी गरमागरम. पण त्याच्याकडे न बघता.