सोडलेलं सगळं तिच्या ताटात

डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि न्हाव्याला सांगितलं, साखर काठावर आली आहे, वजनही वाढलंय. जेवणात निरनिराळे पदार्थ ठेवा, सगळं खा, पण थोडं थोडं. न्हाव्याने मान डोलावली खरी, पण घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात ‘सगळं’ आणि ‘थोडं’ यांची झटापट सुरू झाली होती. सगळं खायचं तर थोडं कसं? आणि थोडंच खायचं तर त्यात सगळं मावणार कुठे?

त्याने दुकानात सहज विषय काढला आणि फसला. खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस या विषयातला जाणकार निघाला. निवृत्त मास्तरांनी भात बंद करायला सांगितला. पोस्टातल्या साहेबांच्या मते भात चालेल, दूध मात्र मोठ्या माणसाला पचत नाही. व्यायामशाळेत जाणारा एक तरुण म्हणाला, फळं म्हणजे निव्वळ साखर, तुम्ही अंडी खा. औषधाच्या दुकानदाराने अंड्यातला पिवळा भाग टाकून द्यायला लावला. न्हाव्याचा स्वभाव असा, की गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तो एकेक गोष्ट सोडत गेला. शेवटी काकडी, अंड्याचा पांढरा भाग आणि कोमट पाणी एवढ्यावर येऊन ठेपला.

त्याची बायको लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. सुरुवातीला ती वाद घालायची, मग तिने नाद सोडला. तिने भात शिजवला की त्याच्या कपाळावर आठी पडायची. तेव्हा तो आपली काकडी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसू लागला.

एका सकाळी मास्तर मिशी कोरून घ्यायला आले. न्हाव्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, वस्तरा घसरला आणि मास्तरांची अर्धी मिशी साफ उडाली. मास्तर आरशात बघतच राहिले. न्हावी मात्र भिंतीला टेकून खाली बसला. शेजारच्या दुकानदाराने लॉन्ड्रीत फोन केला. बायको तशीच धावत आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, हे खातात तरी काय? बायकोने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. दवाखान्याचे दोन मजले चढूनही बायकोला धाप लागली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“आणि तुम्ही काय जेवता?”

बायको संकोचली. “यांनी सोडलेलं. भात सोडला, तो मी घेते घासभर. दूध, फळं, उसळ, अंड्यातला पिवळा भाग. भाज्या तर असतातच. टाकून देववत नाही हो.”

“अहो, मी यांना हेच तर सांगितलं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

न्हाव्याला काही उमगेना. ज्या ज्या गोष्टींनी माणूस खचतो म्हणून त्याने त्या सोडल्या, त्याच खाऊन ही दिवसभर इस्त्रीपुढे उभी राहते. घरी परतताना त्याने न राहवून विचारलं, “मग ती सगळी माणसं खोटं बोलली?”

“खोटं कशाला म्हणू? एकेकाला एकेक मानवत असेल. पण तुमच्या एकट्याच्या पोटात इतक्या जणांची सोय कशी व्हावी?” थोडं चालून गेल्यावर ती हळूच म्हणाली, “इतके दिवस मी एकटी जेवतेय. तुम्हाला कळलं तरी का?”

त्याला कळलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत काकडी चघळताना आतल्या ताटाचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याने तिच्या हातातली, वाटेत घेतलेल्या संत्र्यांची पिशवी तेवढी घेतली.

संध्याकाळी तिने दोन ताटं मांडली. वाटीभर भात, उसळ, दोन भाज्या, थोडं दही, कडेला संत्र्याच्या फोडी. न्हावी ताटाकडे पाहत बसला. आधी काय खायचं? दह्याबरोबर संत्रं चालतं का? याबद्दल कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं, पण काय ते आठवेना. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने भाजीचा घास घेतला. मग त्यानेही भाजीचाच घेतला.