रॉकेलच्या दिवसांतली खूण

मी डिस्ट्रिब्यूटर बोलतोय. घाईघाईत बोललो तर सांभाळून घ्या, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. इंजिनाला खेटून उभं राहायचं आणि सहा सिलिंडरना आळीपाळीने, नेमक्या वेळी ठिणगी वाटायची, हे माझं काम. वेळ जरा पुढेमागे झाली की गाडी एकतर खडखडते, नाहीतर तापते आणि रडतखडत चालते.

जन्म अमेरिकेतला, बावन्न सालचा. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते या बेटावरच्या सांतियागो शहराचं, आणि एवेलियोचं. त्याची टॅक्सी बोनियातोचा घाट चढून पलीकडच्या गावांना जायची. ठिणगीसाठी उघडझाप करणारे माझे पॉइंट झिजले तेव्हा त्याने रशियन गाडीचे पॉइंट कानशीने घासून बसवले. कंडेन्सर गेला तेव्हा कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्रातला लावला. माझ्यात आता माझं असं फारसं काही उरलेलं नाही, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फिरायला मिळतंय ना, मग झालं!

एवेलियोचा कान फार तयार. पेट्रोल कुठून आलंय, कसं आलंय, त्यावर तो माझा बोल्ट ढिला करायचा, मला बोटभर इकडे किंवा तिकडे फिरवायचा, आवाज ऐकायचा आणि बोल्ट आवळायचा. मग एक वाईट वर्ष आलं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून गाड्या चालायला लागल्या. खडखड थांबावी म्हणून त्याने मला बरंच मागे फिरवलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं, आणि छिन्नीने माझ्या अंगावर आणि इंजिनावर मिळून एक खूण ठोकली. त्याच महिन्यात तो अंथरुणाला खिळला आणि गेला.

गाडी आता त्याची बायको सोराइदा चालवते. नवऱ्याच्या जागी बसून तिने तीन वर्षं घाट चढला. पण गाडीत दम राहिला नव्हता. पेट्रोल केव्हाच सुधारलं होतं, मी मात्र अजून रॉकेलच्या जागी उभा! माझी नुसती तगमग व्हायची. बोलता येत असतं तर बोनेटमधून ओरडलो असतो.

त्यात एवेलियोचा धाकटा भाऊ ओस्मानी मागे लागला.

"वहिनी, हे इंजिन संपलंय. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बघून ठेवलंय मी. शनिवारी हे उतरवू."

"आणि चालवणार कोण?"

"मीच की. डिझेल तुला झेपायचं नाही. तू घरी आराम कर."

"तीन वर्षांत माझ्या आरामाची आठवण आजच बरी झाली तुला!"

ती हसून बोलली, पण स्टिअरिंग तिने घट्ट धरून ठेवलं. आणि मी? डिझेलला ठिणगी लागत नाही. म्हणजे मी भंगारात.

शेवटचा उपाय म्हणून सोराइदाने मला बासिलियो मिस्त्रीकडे नेलं. हा एवेलियोचा जुना दोस्त. त्याने माझ्या डोक्यावरची कॅप काढली, दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, हा तर दारू प्यायल्यासारखा डुलतोय! दांड्याभोवतीचे बुश पार खलास झालेत."

नवे बुश कुठून येणार? बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या एका पितळी पंपाचा तुकडा त्याने लेथवर चढवला आणि दोन बुश कातले. आतल्या वजनांच्या ढिल्या स्प्रिंगा बदलल्या. कॅपची चीर रसायनाने बुजवली. पॉइंटमधली फट मोजायला काडेपेटीचा पुठ्ठा कापला. कितीतरी वर्षांनी माझा दांडा सरळ उभा राहिला. मला इतका आनंद झाला की कधी एकदा फिरतो असं झालं.

आणि मग बासिलियोने मला इंजिनात उतरवलं, खूण खुणेला बरोबर जुळवली, बोल्ट आवळला आणि छातीवर क्रूस काढला.

"एवेलियोने लावलेलं आहे. याला कुणी हात लावायचा नाही."

आमच्याकडे हे असं आहे. मेलेल्या माणसाने गाडीत जे बसवलं, त्याला हात लावायचा नाही. शर्ट वाटून टाकतील, पलंग विकतील, पण त्याने लावलेला स्क्रू नाही फिरवणार. संतापाने मी आतल्या आत जळत होतो.

शुक्रवारी सकाळी घाट चढून बघायचं ठरलं. सोराइदा चालवायला, शेजारी बासिलियो, मागे ओस्मानी आणि दोन उतारू. निम्म्या चढावर रेडिएटर वाफा सोडायला लागला. गाडी थांबली. सगळे उतरले.

"आता तरी पटलं?" ओस्मानी म्हणाला. "डिस्ट्रिब्यूटर नवा केला, तरी तेच. इंजिनच मेलंय."

बासिलियोने मान खाली घातली. "याचं बरोबर आहे पोरी. आता दोष इंजिनाचाच."

इंजिन गार होईपर्यंत सोराइदाने डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायला घेतलं. थोडं हातावर सांडलं. तिने हात पुसला, मग थबकली आणि नाकाशी नेला.

"याला रॉकेलचा वास नाही."

"कसा असेल? ते दिवस गेले," बासिलियो म्हणाला.

"मिस्त्री, त्या वर्षी त्याचे शर्ट मी तीनतीनदा धुवायचे. तरी वास जायचा नाही. ही खूण त्याच वर्षीची ना?"

बासिलियोने मान डोलावली. सोराइदाने पाना उचलला.

"सोराइदा, नको! त्याच्या हातची शेवटची खूण आहे ती."

"मला ठाऊक नाही होय?" तिने बोल्टला पाना लावला. "रोज सकाळी तेल बघताना मी तिच्यावरून बोट फिरवते. पण तो असता तर ही इथे ठेवली असती का? तो तर रोज बदलायचा!"

बोल्ट ढिला झाला. तिने इंजिन सुरू केलं, मला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवलं. खूण सुटली. इंजिनाचा घोगरा आवाज मोकळा झाला. आणखी थोडं. बारीक खडखड आली, तशी ती केसभर मागे आली आणि थांबली. अगदी त्याच्यासारखीच. मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं.

पाणी भरून गाडी निघाली आणि उरलेला घाट एका दमात चढली. वर पोचल्यावर बासिलियोने पिशवीतून छिन्नी काढली.

"थांब, नवी खूण ठोकून देतो."

"अजिबात नाही," सोराइदा म्हणाली. "उद्या मी मेले की तिचीही पूजा कराल."

शनिवारी ओस्मानी आला, कॉफी प्यायला आणि इंजिनाचं नाव न काढता गेला. मी अजून फिरतोय. बुश पुन्हा झिजतील, कॅप पुन्हा चिरेल, त्याची तयारी आहे. फक्त तुमच्या हाताखाली माझ्यासारखा कुणी असेल तर एवढं करा: त्याचा बोल्ट आवळा, पण पाना जवळ असू द्या.