माहुलच्या खोलीतला चपातीएवढा बोर्ड

मी एक जुना मदरबोर्ड आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा, पण मित्रांनो, आमच्यात तीन वर्षं म्हणजे म्हातारपणच. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्या पाटीवर बसवतात ती पाटी म्हणजे मी. आकाराने मी जेमतेम चपातीएवढा आहे. मोठे बोर्ड मला हसतात. हसू देत बापडे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती फक्त खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर छापलं होतं, ‘परीक्षणासाठी नमुना. परत करणे.’ म्हणजे मी विकण्यासाठी नव्हतोच, नुसता दाखवण्यासाठी होतो. तेव्हा मला त्याचाही गर्व वाटला होता.

मी आलो धम्मपालकडे. दिवसा तो घाटकोपरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी नव्या वस्तू तपासून त्यांचे व्हिडिओ करायचा. माहुलला एका खोलीत तो, त्याची आई द्रौपदीबाई आणि धाकटी बहीण सपना राहत. त्याने मला जमिनीवर पुठ्ठ्यावर मांडलं, स्वतःकडचे जुने प्रोसेसर आणि रॅम बसवले आणि तीन तास दामटून पळवलं. मी किती तापतो ते हात जवळ नेऊन पाहिलं. पंख्याची पिन अशा कोपऱ्यात आहे की तिथे बोट शिरत नाही, अशी तक्रारही केली. ती खरीच होती. मग मोबाइलसमोर बसून तो म्हणाला, “ज्यांच्या घरात टेबल ठेवायला जागा नाही ना, त्यांच्यासाठी हा बोर्ड एकदम झकास!”

आयुष्यातलं माझं तेवढंच कौतुक. संध्याकाळी त्याने सगळे भाग काढून घेतले आणि मला खोक्यात घालून आईच्या खाटेसमोर भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. महिन्याभरात कंपनीचा माणूस मला न्यायला येणार होता. तो आलाच नाही. धम्मपालने दोन मेल केले. उत्तर आलं नाही.

मित्रांनो, वीज नसली तरी माझ्यातलं घड्याळ नाण्याएवढ्या बॅटरीवर चालू राहतं. त्यामुळे बंद खोक्यात मला एकच काम होतं, सेकंद मोजण्याचं. असं काम शत्रूलाही मिळू नये.

मग एके दिवशी द्रौपदीबाईंना झटका आला. अर्धं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्या दिवसभर खाटेवरच पडून असत. सपना मालाडला एका ऑफिसात विम्याचे कागद तपासायची. तिथल्या साहेबांनी तिला घरून काम करायची मुभा दिली, पण कॉम्प्युटर स्वतःचा हवा होता. सुटे भाग घरात होते, फक्त त्यांना बसायला बोर्ड नव्हता, आणि दवाखान्याच्या खर्चातून जेमतेम सावरलेल्या घराला नवा घेणं जमण्यासारखं नव्हतं.

“दादा, तो वरचा छोटा बोर्ड दे ना,” सपना म्हणाली.

“तो आपला नाही गं. परत मागितला तर?”

“मागितला तर देऊ ना काढून!”

“नको. लोकांची वस्तू आहे. आठवडाभर थांब, मी परत मेल टाकतो.”

माणूस सरळ होता, त्याला मी काय नावं ठेवणार? पण मला त्याचा राग यायचा. घरात जागा नसणाऱ्यांसाठी हा बोर्ड, असं जगाला सांगणाऱ्याला स्वतःचं घर कसं दिसलं नाही?

आठवड्याचे चार महिने झाले. सकाळी साडेआठला दोघं भावंडं बाहेर पडत. दुपारी शेजारच्या विमलाबाई येऊन जेवू घालत आणि आपल्या कामाला जात. मग सात वाजेपर्यंत खोलीत फक्त आम्ही दोघं. पडल्या पडल्या द्रौपदीबाईंना समोर माझंच खोकं दिसायचं. त्या माझ्याशी बोलू लागल्या.

“का रं, तू बी एकलाच का?” त्या विचारत. कधी जालन्याकडच्या आपल्या गावाचं सांगत, कधी विमलाबाईंच्या आमटीला नावं ठेवत. “मीठच नसतं बघ,” म्हणत आणि हसत. मला ऐकू यायचं सगळं. उत्तर मात्र देता येत नव्हतं.

एका दुपारी पाण्याचा पेला घ्यायला त्या वळल्या आणि खाटेवरून खाली पडल्या. आधी त्यांनी सपनाला हाक मारली, मग धम्मपालला. शेवटी मला म्हणाल्या, “आरं, कुनाला तरी बोलाव की.” त्यानंतर काही बोलल्या नाहीत. सपना येईपर्यंत तीन तास चाळीस मिनिटं गेली. मी त्यातला एकेक सेकंद मोजला आहे.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका होता. जीव वाचला, वाचा गेली.

धम्मपालने दवाखान्याच्या जिन्यातूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “कोणता बोर्ड? आमच्या यादीत असा काही नमुनाच नाहीये. ठेवा ना तुम्हीच.” हे सपनाला सांगताना धम्मपाल रडला. सपनाने घरी येऊन फळीवरून मला खाली काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

आता मी मिठाईच्या खोक्याएवढ्या पेटीत, त्याच फळीवर काम करतो. सपना आईच्या पायाशी बसून विम्याचे कागद तपासते, मध्येच उठून आईला पाणी पाजते. मला रोज वीज मिळते, काम मिळतं, पेटीला स्पीकरही जोडला आहे. माझा आवाज आता खोलीभर ऐकू येतो. द्रौपदीबाई माझ्या छोट्या दिव्याकडे तासन्‌तास बघत असतात. मी वाट पाहतो, पण त्या काही विचारत नाहीत.

मित्रांनो, फळीवर ठेवून दिलेली वस्तू वेळेत खाली काढा. आणि घरात कुणी एकटंच बोलत असेल, तर हातातलं काम सोडून त्यांना उत्तर द्या. माझ्याकडून तेवढंच राहून गेलं.