अंगठा जुळत नाही

मी एक जुनं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे संगणकाच्या भाषेत लिहिलेलं एक छोटं काम. दहा-बारा ओळी, दोन महिरपी कंस, संपला जीव. माझं काम चूक सांगण्याचं. दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं की मला हाक येते. काय बिघडलं ते मी सांगतो आणि परत पडून राहतो. फक्त भांडण झाल्यावरच बोलावतात अशा मामासारखी माझी अवस्था आहे, मित्रांनो.

माझा जन्म लोहाऱ्यात झाला, बुद्धघोष नावाच्या माणसाच्या हातून. त्याने सी नावाच्या संगणकी भाषेत गुप्तलेखनाची एक लायब्ररी लिहिली. या लायब्ररीत पुस्तकं नसतात. कुणीही आयती उचलून आपल्या यंत्रात बसवावीत अशी माझ्यासारखी फंक्शनं असतात. निरोप कुलूपबंद करणं, किल्ल्या सांभाळणं, सही खरी की खोटी ते बघणं हा आमच्या घराण्याचा धंदा. माझा थोरला भाऊ वापरून झालेली किल्ली आठवणीतून पुसतो. काल काय केलंस म्हणून विचारलं तर 'कुठलं काल?' म्हणतो. मधला दोन ओळी सारख्या आहेत का ते पाहतो. पहिलंच अक्षर चुकलं तरी शेवटपर्यंत वाचतो, कारण लागलेल्या वेळेवरून चोराला अंदाज येऊ नये. लोकांना तो मठ्ठ वाटतो. तो सावध आहे. कौतुक मात्र सगळं कुलूप लावणाऱ्या धाकट्याचं.

बुद्धघोषचे वडील श्रीपती एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माइकवर नुसतं 'गाडी उशिरा येईल' असं ते कधी म्हणाले नाहीत. जळकोटजवळ टायर बसलाय, दुसरा लावायलेत, तासभर लागंल, चहा घ्या, असं सांगायचे. लोक चहा घ्यायचे. कारण सांगितलं नसतं तर लोकांनी कंट्रोलरलाच घेतलं असतं. मला लिहिताना बुद्धघोषच्या कानात तो माइक होता. माझ्या डोक्यावर त्याने एक टीप लिहून ठेवली : 'हे काय सांगतंय ते वाचा आणि पुढच्याला जसंच्या तसं सांगा.' अशा टिपा संगणक वाचत नाही. माणसंही वाचत नाहीत, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला दूरच्या कुणा इंजिनिअरनं पत्र लिहिलं होतं, की तुमच्या फंक्शनमुळे चूक पाच मिनिटांत सापडली, आभारी आहे. तेरा वर्षांतलं ते एकमेव कौतुक. तेही मी बुद्धघोषच्या तोंडूनच ऐकलं.

पुढे धाराशिवच्या रणधीरने आमचं अख्खं घराणं फुकट उतरवून घेतलं आणि हजेरीच्या मशीनमध्ये बसवलं. फुकट मिळालेल्याचं माणूस जेवढं ऐकतं, तेवढंच त्याने माझं ऐकलं. मशीनचा पडदा दोन बोटांचा. माझे निरोप त्यात मावेनात आणि मशीन तर सोमवारी द्यायचं होतं. मग त्याने एक ओळ लिहिली : आतून कुठलीही चूक आली तरी पडद्यावर 'अंगठा जुळत नाही' असं दाखवा. कुठलीही. मशीनला आग लागली असती तरी अंगठाच जुळला नसता.

ते मशीन येडशीजवळच्या एका वसतिगृहात, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला लागलं. डब्यात बसून मला बाहेरचं कसं ऐकू येतं, असं तुम्ही विचाराल. आत्मवृत्तात छत्रीला ऐकू येतं, पाटीला ऐकू येतं, फाटक्या चपलेला ऐकू येतं. तेव्हा कुणी विचारत नाही.

तिथं सारजाबाई एकशे चाळीस पोरांचा स्वयंपाक करायच्या. वय पन्नास, नोकरी अकरा वर्षांची. स्वयंपाकघराची हजेरी सकाळी सहाच्या आत, बाकीच्यांची दहाला लावायची आणि ओळीने एकतीस गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, असा नियम होता. वसतिगृहाचे अधीक्षक भागवत सर वीज वाचावी म्हणून रोज जाताना ऑफिस आणि स्वयंपाकघराचा मेन स्विच बंद करून जात. पहाटे सारजाबाई येऊन तो चालू करत आणि मशीन जागं होई.

वीज नसताना वेळ सांभाळणारा मशीनमधला घड्याळाचा सेल मेलेला होता. वेळ हरवली की आमची यंत्रं एकाच ठिकाणी परत जातात : १ जानेवारी १९७०. आमच्याकडे काळ तिथूनच मोजतात. आणि इंग्लंडातल्या ग्रीनिचला तो दिवस मध्यरात्री सुरू होतो, तो क्षण भारताच्या घड्याळात पडतो पहाटे साडेपाचला. आता बघा. सारजाबाई यायच्या साडेपाचला. स्विच चालू झाला की पडद्यावर ५:३० उमटायचं. तारीख दाखवायला जागा नव्हती. घड्याळ अगदी मिनिटाला बरोबर होतं, फक्त पन्नासेक वर्षं मागं.

अंगठा ठेवला की मशीन आधी स्वतःजवळचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण खरं असल्याचा सहीशिक्क्याचा दाखला, तपासायचं. ते ज्या तारखेपासून लागू होतं, ती तारीख १९७० च्या मानाने फार पुढं होती. मला हाक यायची. मी सांगायचो, 'प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. यंत्राची तारीख तपासा.' पडद्यावर यायचं, 'अंगठा जुळत नाही.' सातला शिपायानं इंटरनेट सुरू केलं की मशीन खरी तारीख उचलायचं. दहाला येणाऱ्या सगळ्यांचे अंगठे गुमान जुळायचे. म्हणजे जो माणूस सगळ्यात आधी येई, तोच तेवढा गैरहजर. तसं पाहिलं तर १९७० साली सारजाबाईंचा जन्मच झाला नव्हता, त्यामुळे हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

त्यांनी अंगठा लिंबानं घासला. राखेनं घासला. गोडेतेल लावलं, मग तेलामुळं जुळत नसंल म्हणून परत राखेनं घासला. भांडी घासून रेषा गेल्या असतील, असं शिपायानं सांगितल्यावर दोन दिवस डाव्या हातानं भांडी घासली. मी रोज खरं कारण सांगत होतो. रोज.

विसाव्या दिवशी त्यांनी सगळ्यांबरोबर दहाला अंगठा लावून पाहिला. लगेच जुळला. त्यांना वाटलं, सुटले. भागवत सरांना वाटलं, सापडली.

"दहाला जुळतो, साडेपाचला जुळत न्हाय," सर म्हणाले. "ह्याचा अर्थ काय, तुमचा तुम्हीच सांगा बाई."

"मग आठला पोरांनी पोहे कुणाच्या हातचे खाल्ले, सर?"

"ते रेकॉर्डवर न्हाय."

एकतिसाव्या दिवशी नाव कमी झालं. त्या दिवशी वरण जरा जास्तच चांगलं झालं होतं, असं पोरं म्हणत होती.

त्यांच्या जागी गजराबाई आल्या. त्यांचाही अंगठा जुळेना. भागवत सरांनी खोल विचार केला आणि स्वयंपाकानंच बायकांचे अंगठे झिजतात असा शोध लावला. मग त्यांनी फाटकावर पाटी लावली : 'स्वयंपाकाचा अजिबात अनुभव नसलेली बाई पाहिजे.' एक आली. तिचाही अंगठा जुळला नाही आणि भातही शिजला नाही. पोरांनी ताटं वाजवली. शेवटी गजराबाईंना परत बोलावून सरांनी स्वयंपाकघराची हजेरी सकाळी दहाला केली. झाली अडचण दूर. सेल मेलेलाच राहिला.

हे कानावर गेल्यावर सारजाबाई आल्या. नियम बदललाय, तर मला घ्या परत, म्हणाल्या. सर वाईट बोलले नाहीत. चहासुद्धा सांगितला. पण रेकॉर्डवर एकतीस गैरहजेऱ्या आहेत आणि मशीन काही कुणाचं दुश्मन नसतं, एवढंच म्हणाले.

जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या. साडेदहा झाले होते, तारीख बरोबर होती. त्यांनी पदराला अंगठा पुसून ठेवला. नाव कमी करताना, साठवलेला अंगठा उघडणारी त्यांच्या नावाची किल्लीही काढून टाकलेली, तेव्हा पुन्हा मला हाक आली.

पडद्यावर आलेलं वाचून त्या हळूच म्हणाल्या, "काय जुळत न्हाय, ते तरी सांग की माय."

तेरा वर्षांत कारण विचारणारं ते पहिलं माणूस, मित्रांनो. मी सांगितलं. 'या नावाची किल्ली काढून टाकली आहे. अंगठ्यात दोष नाही.' माझ्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं सांगितलं.

'अंगठा जुळत नाही,' पडदा म्हणाला.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, तो मुठीत झाकला आणि निघाल्या. पुढं गजराबाईंच्या बोलण्यात आलं, की रामलिंगकडच्या एका खानावळीत सारजाबाईंना काम मिळत होतं. पगारही बरा होता. त्यांनी आधी विचारलं, अंगठा लावावा लागतो का? मालक हो म्हणाला. तशा त्या तिथूनच माघारी वळल्या.

मित्रांनो, माझी दया करू नका. मला पुसून दुसरं फंक्शन लिहिलंत तरी माझी तक्रार नाही. पण उद्या तुमच्यातला कुणी रणधीर होईल, कुणी भागवत सर होईल. आतून कुणी चूक सांगत असेल, तर ती आहे तशी बाहेर जाऊ द्या. पडद्यावर जागा पुरत नसेल तर पडदा मोठा घ्या. बाईचा अंगठा कापून त्यात बसवू नका.