मनिषाबाईंचा आवाज आणि तीनशे बारा फोन

रविकिरण सरांनी मला नोकरीवरून काढायचं ठरवलं आणि ते चहा पाजून सांगितलं. माणूस तसा वाईट नाही, फक्त त्याला दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन सुचतं आणि ते नेमकं माझ्याच अंगावर येतं.

"मनिषाताई, एक कंपनी हाय," ते म्हणाले. "आपलं मार्कांचं शीट त्यांना द्यायचं, मशीन आपोआप सगळ्या पालकांना फोन लावतंय. मग तुम्हाला काय काम ऱ्हातंय, तुम्हीच सांगा."

लातुरात सरांचा डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास आहे. शनिवारी टेस्ट होते आणि रविवारी मी सकाळी आठपासून तीनशे बारा घरी फोन करून मार्क सांगते. मेसेज पाठवून भागत नाही, कारण निम्मे पालक मेसेज वाचत नाहीत आणि उरलेले वाचून विश्वास ठेवत नाहीत. सहा वर्षं हे काम करतेय मी. माझा घसा बसला तरी सर खडीसाखर आणून देतात, सुट्टी देत नाहीत.

मला राग पटकन येतो आणि रागात मी कामाला लागते. म्हटलं, "सर, माझ्या जागी मशीनच बसवायचं ना? मग ते मीच बसवते. पंधरा दिवस द्या. जमलं तर ते चालवायला मी राहीन."

सर हसले. पण फुकटात होतंय म्हटल्यावर हो म्हणाले.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. कोडिंगबिडिंग काही लागत नाही हो, उगाच घाबरवून ठेवलंय लोकांनी. पडद्यावर चौकोन असतात, एकातून दुसऱ्यात बाण ओढायचा. पहिला चौकोन आपल्या शीटमधली ओळ उचलतो, दुसरा त्या ओळीचं बोलणं करतो, तिसरा फोन लावतो. आवाज कुणाचा, असं मशीननं विचारलं, तेव्हा मी माझाच दिला. झेरॉक्सच्या खोलीत दार लावून पंधरा मिनिटं वर्तमानपत्र वाचलं आणि मशीन हुबेहूब माझ्यासारखं बोलायला लागलं. ऐकून मलाच कसंतरी झालं.

पहिल्या रविवारी नऊ वाजता बटण दाबलं. वीस मिनिटांत तीनशे बारा फोन संपले! सहा वर्षांत पहिल्यांदा मी रविवारी खुर्चीला पाठ टेकून चहा प्यायले. सर दोनदा येऊन शाबासकी देऊन गेले.

अकरा वाजता किल्लारीची काळी-पिवळी जीप क्लाससमोर थांबली. आतून वैजनाथराव उतरले. त्यांची उज्वला आमच्याकडे शिकते. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"पोरगी कुठाय माझी? दवाखान्यात नेली का?"

मी म्हटलं, "भाऊ, ती वर अभ्यासिकेत आहे. काय झालं?"

"ते तुम्ही सांगा की! सकाळी फोन केलाव, तर राम राम न्हाई, कसं हाव न्हाई, एकदम आकडेच बोलाया लागलाव. मी मधी विचारायलो, काय झालं बाई, काय झालं, तरी तुम्ही थांबनाव. परत लावला तर लागंना."

मग येतच राहिले. निलंग्याकडून शिवप्पा आले, औशाचे दोघं आले, एक बाई तर शेजारणीला धरून आली. दुपारी दोनला लोह्याजवळच्या खेड्यातून एसटीनं कोंडामाय पोचली आणि पायरीवर बसूनच रडायला लागली. तिचा आनंदराज धावत खाली आला, तेव्हा तिनं त्याचे हातपाय चाचपून बघितले.

सर वैतागले. "अहो कोंडाबाई, पोराला पाचशे अठ्ठेचाळीस पडलेत! मागच्यापेक्षा अठ्ठावन्न जास्ती. रडता कशाला?"

"मार्क कुनी ऐकले?" कोंडामाय म्हणाली. "बाई दर ऐतवारी जय भीम म्हणती, जेवलीस का इचारती, मंग मार्काचं काढती. आज काईच न्हाई. मला वाटलं, बाईला बोलवंना झालंय, पोराचं काईतरी बरंवाईट झालं."

तेव्हा माझी चूक मला कळली. आमच्याकडे फोनवर थेट मुद्द्याचं कोण बोलतं? ज्याला वाईट खबर द्यायची असते तो. मी मशीनला स्वच्छ, नीटनेटकं बोलायला शिकवलं होतं आणि एका सकाळीत अर्धा जिल्हा हादरवला होता. लाज वाटली. सगळ्यांना चहा-पोहे दिले आणि एकेकाची माफी मागितली.

सर संध्याकाळी म्हणाले, "मनिषाताई, पुढल्या रविवारी एकजण जरी असा पळत आला, तर सोमवारी कंपनीला फोन. मग मला काही बोलू नका."

आठवडाभर मी शीटमध्ये नवे रकाने भरत बसले. पहिल्यात लिहिलं, कुणाला काय म्हणायचं. वैजनाथरावांना राम राम, कोंडामायला जय भीम, शिवप्पांना शरणू, उदगीरच्या पाशाभाईंना सलाम. दुसऱ्यात घरचं. यांची म्हैस व्यायची आहे, त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, यांची बोअर आटली, ती आली का पुन्हा. तीनशे बारा ओळी. कुठून बघून लिहायच्या नव्हत्या, सगळ्या डोक्यात होत्या. मशीनला सांगितलं, विचारलंस की दहा सेकंद गप्प बस, मग मार्क सांग. त्यांचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून भरून ठेव. आणि सगळ्यात आधी खरं सांग की ही बाई नाही, बाईच्या आवाजातलं मशीन आहे.

दुसऱ्या रविवारी नऊला पुन्हा बटण दाबलं. सर गेटवर खुर्ची टाकून बसले. अकरा वाजले, बारा वाजले. एक जीप आली, ती शेजारच्या मंगल कार्यालयाची निघाली. दोन वाजेपर्यंत कुणीच आलं नाही.

सर आत आले. शीटच्या शेवटच्या रकान्यात भरून आलेली बोलणी दिसत होती, एकूण दोनशे नव्वद. "लावा एखादं," ते म्हणाले.

वैजनाथराव होते. "राम राम. हाव, कळलं मशीन हाय. तरी बाईला सांग, म्हैस व्याली, वगार झाली. खरवस पाठवायलो, सरांना थोडाच द्या म्हणावं."

सर आधी खो खो हसले. मग त्यांनी आणखी एक लावलं, आणखी एक. कुणी ऑपरेशनचं सांगत होतं, कुणी पोराला ओरडू नका म्हणत होतं. पंधरावीस ऐकल्यावर ते माझे दोन नवे रकाने वरपासून खालपर्यंत बघत राहिले.

"हे कंपनीला कुठून येणार?" ते म्हणाले. "राहू द्या ती कंपनी. तुम्हीच बघा हे सगळं."

ते गेल्यावर मी दारामागे जाऊन दोन मिनिटं रडले. आनंदानंच. मग येऊन कोंडामायचं लावलं.

"जय भीम, बाई. जेवले मी. तू जेवलीस का?"

आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत होती बिचारी. नंतर माझ्याच आवाजात मशीननं तिला फिजिक्सचे मार्क सांगितले.

मी तसाच फोन उचलला आणि तिला लावला. म्हटलं, "न्हाई माय, आजून न्हाई जेवले."

"मंग ठिव फोन आन् जेव आधी," कोंडामाय म्हणाली. "मार्क काय पळून जायलेत का?"